बेरी चालू आहे

आईच्या हाडांचा फोटो काढायचा ठरला त्या दिवशी ती ठेवणीतले कपडे घालून, केस नीट विंचरून दारात उभी राहिली.

“अगं, फोटो हाडांचा आहे,” मी म्हटलं.

“असू दे. काढणारा तर मला बाहेरूनच बघणार ना?”

फोटो चांगला आला नाही. म्हणजे यंत्राने आपलं काम चोख केलं, आईनेही सांगितलेलं नसताना श्वास रोखून धरला, पण आतलं जे बाहेर आलं त्याला अहवालात नाव होतं: रजोनिवृत्तीनंतरची झीज. आता मी विमा कंपनीत काम करते. लोकांच्या मोडक्या-तुटक्या वस्तूंचे दावे माझ्या टेबलावर येतात आणि मी त्यांतल्या बहुतेकांवर एकच वाक्य लिहिते, ‘नैसर्गिक झीज असल्याने दावा नामंजूर.’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की डोकं दुसरीकडे असलं तरी हात ते पूर्ण करतो. पण आईच्या नावापुढे ‘झीज’ वाचलं आणि पहिल्यांदाच वाटलं, किती उर्मट शब्द आहे हा! माणूस समोर बसलेलं असताना असं लिहितात का?

हाडांचे डॉक्टर स्वभावाने बरे होते. वाईट बातमी सांगताना ते पेनाचं टोपण काढत-घालत बसायचे, त्यामुळे टोपणाकडे हात गेला की पुढचं आपल्याला आधीच कळायचं.

“पाळी जाऊन किती वर्षं झाली?” त्यांनी विचारलं.

“झाली की बरीच,” आई म्हणाली, दूरगावी राहायला गेलेल्या नणंदेबद्दल बोलावं तशी.

मग त्यांनी समजावलं. पाळी गेली की शरीरातलं एक संप्रेरक कमी होतं आणि हाडं भराभर विरळ होऊ लागतात. आठवड्याला एक गोळी, दूध, ऊन, रोजचं चालणं. इथपर्यंत टोपण जागेवर होतं. मग ते निघालं. “आणि वजन उचलायचं नाही. पाण्याची बादली नाही, सामानाची पिशवी नाही.”

“आणि नात?” आईने विचारलं.

“किती वजनाची आहे?”

“कसलं वजन हो! काही खातच नाही ती.”

डॉक्टरांनी माझ्या कडेवर बसून टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या मणक्याला चावू पाहणाऱ्या माझ्या गुटगुटीत लेकीकडे पाहिलं. टोपण घातलं. काढलं. “नातही नाही.”

इथे एक सांगायला हवं. आई आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकटी राहते, आम्ही तिसऱ्यावर. मी कामावर गेले की लेक दिवसभर तिच्याकडे. आणि लेकीला तेव्हा एकच शब्द नीट येत होता, तोही अर्धा: “उच.” म्हणजे उचल. दोन्ही हात वर करून, मान मागे टाकून, आजीसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, उच. आजीने उचललं की जगात दुसरं काही मागायचं नाही. डॉक्टरांनी त्या दिवशी बादली आणि पिशवी काढून घेतली त्याचं आईला काहीच वाटलं नाही. हे मात्र लागलं. ती खुर्चीत बसल्या बसल्या लहान झाली.

डॉक्टरांनाही ते दिसलं असावं. कारण आम्ही उठता उठता ते म्हणाले, “आणि हो, बेरी खात जा. या वयातल्या बायकांच्या हाडांना त्याने थोडी मदत होते असं काही लहानशा अभ्यासांत दिसलंय. पक्कं काही नाही हं अजून. गोळी आणि चालणं हेच मुख्य. पण खाल्ली तर बरंच.”

आईचा चेहरा उजळला. “बेरी? चालेल मला?”

“चालेल की. वाटीभर खा रोज.”

बाहेर पडल्यावर ती रस्त्यात थांबलीच. “शहाणा आहे गं डॉक्टर! आजवर सगळ्यांनी माझ्या आवडीचं बंद करायला सांगितलं. आम्ही भावंडं मारामारी करायचो बेरीसाठी. मी धाकटी, मला खरवडून उरेल तेवढीच मिळायची.”

मला गलबलून आलं. डोळ्यांपुढे काटेरी झुडपं, ओरबाडलेले हात आणि त्यात माझी धाकटी आई. तिच्या लहानपणात इतकं रान होतं हे मला माहीतच नव्हतं. मी तिथल्या तिथे ठरवलं: आईला बेरी कमी पडू द्यायची नाही. ‘पक्कं काही नाही’ हे शब्द मीही ऐकले होते, पण दवाखान्यातून निघताना माणूस सगळंच सामान उचलत नाही.

फळवाल्याकडे गेले. त्याने मागच्या काचेच्या कपाटातून, दागिना दाखवावा तशी, एक पारदर्शक डबी काढली. आत निळसर-जांभळे मणी कापसावर निजवल्यासारखे.

“ही वाटीभर होतील?”

“ताई, वाटी केवढी आहे त्यावर आहे.”

घरी नवऱ्याने इंटरनेट उघडलं. माझा नवरा भला माणूस आहे, पण त्याला कुठल्याही गोष्टीची दुसरी बाजू सापडते. “यातले बरेच प्रयोग उंदरांवर झालेत,” तो म्हणाला.

“माझी आई उंदीर नाहीये.”

“बायकांवरही झालेत. पण थोड्याच.”

“मला एकच आई आहे. तिला थोड्या पुरतील.”

ताज्या डब्या परवडेनात म्हणून मी बर्फात गोठवलेल्या पाकिटांवर आले. रोज सकाळी लेकीला खाली सोडताना वाटीभर बेरी डब्यात भरून न्यायची. मोठे डबे नवऱ्याच्या ऑफिसात हरवलेले, म्हणून लेकीचा अस्वलाचं झाकण असलेला डबा घ्यायचा. दारातच तिला देत म्हणायची, “आई, डबा फ्रीझरमध्ये टाक,” आणि पळत सुटायची. संध्याकाळी विचारायची, “बेरी चालू आहे ना?”

“चालू आहे,” आई समाधानाने म्हणायची. “वाटीभर.”

तिचा चेहराही तुकतुकीत दिसू लागला होता. तिच्या घरात हल्ली सुरेख खरपूस वास असायचा. एकदा तिने आमच्याकडे तुपाची बरणी पाठवली. “उरलं होतं,” म्हणाली. कशातून उरलं होतं, हे मी विचारलं नाही. मी ते भातावर घालून खाल्लं.

पण पाकिटंही जड जाऊ लागली. शिवाय चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी, म्हणजे गणित शिकवून निवृत्त झालेल्या आणि अजूनही जिन्यात तोंडी हिशेब विचारणाऱ्या, ऐकलं आणि नाक मुरडलं. “बेरीज म्हणजे मिळवणे. पाकिटातलं खाऊन काय मिळवणार? झाडावरचं ताजं हवं.” शेजारच्या दुजोराकाकू तिथेच होत्या. यांचं वैशिष्ट्य असं की शेवटी जो बोलला त्याचं त्यांना शंभर टक्के पटतं. “अगदी! झाडावरचंच,” त्या म्हणाल्या. नवरा म्हणाला, “झाडं कशाला, पाकिटं ठीक आहेत.” काकू म्हणाल्या, “अगदी! झाडं कशाला.” सुदैवाने त्यानंतर मी बोलले.

रोपवाटिकेतून मी बेरीची रोपं आणली. रोपवाला म्हणाला, “फार मानी झाड आहे. माती आंबट लागते, ऊन लागतं, आणि पहिल्या वर्षी फळाची आशा धरायची नाही.” मी त्यातलं माती आणि ऊन घेतलं. ऊन फक्त गच्चीवर. आणि गच्चीच्या दाराची किल्ली नियमकाकांकडे.

नियमकाका आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. त्यांनी अर्ज मागितला. छापील अर्जात गळती, गोंगाट, वाहन आणि पाळीव प्राणी एवढीच कारणं होती. “यात झाड बसत नाही,” ते म्हणाले.

“मग नवीन रकाना करा ना.”

“रकान्यासाठी सभा लागते. सभेसाठी कारण लागतं. कारणासाठी रकाना लागतो.” थोडा विचार करून त्यांनीच वाट काढली. “रोज पाणी लागतं? खाणं लागतं? मालक गावाला गेला की शेजाऱ्यांना त्रास? मग पाळीव प्राणी.”

मी पाळीव प्राणी लिहिलं. आठवड्याने अर्ज परत आला. लसीकरणाचा दाखला जोडला नव्हता.

रोपवाल्याकडे गेले. तो मला बराच वेळ वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, “ताई, घरी सगळं ठीक आहे ना?” मग ‘रोपांना कीड नाही, ती कोणाला चावणार नाहीत’ असं त्याने लिहून सही केली. तेही नियमकाकांनी परत केलं, सही कोणत्या हुद्द्याने केली ते स्पष्ट नाही म्हणून. शेवटी मी स्वतः एक निवेदन लिहिलं. दिवसभर नामंजुऱ्या लिहिणाऱ्या बाईला मंजुरी कशी मागावी हे आतून ठाऊक असतं. एका वयानंतर स्त्रीच्या हाडांचं काय होतं, समाजाचं त्याकडे कसं दुर्लक्ष होतं आणि गच्चीचा एक कोपरा त्यावर काय करू शकतो, असं सगळं. वाचताना माझे मलाच डोळे पुसावे लागले. आणि खरंच, त्याच आठवड्यात नियमकाका स्वतः जिना चढून किल्ली घेऊन आले. ओठ चकचकीत, चेहरा सौम्य. “मंजूर,” म्हणाले. मी नवऱ्याला ते निवेदन पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवलं.

आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर ‘माझ्यासाठी कशाला’ सुरू झालं असतं. कुंड्या वर जाताना तिने पाहिल्या तेव्हा ती एवढंच म्हणाली, “तुला पहिल्यापासून मातीत खेळायची हौस.”

मग सल्ल्यांचा पूर आला. माती आंबट करायला बाई म्हणाल्या व्हिनेगर, दुजोराकाकू म्हणाल्या “अगदी! व्हिनेगर,” आणि पुढच्या मजल्यावर कोणी कॉफीचा चोथा म्हटलं की “अगदी! चोथा.” माझ्या दारात लोक चोथ्याच्या पिशव्या ठेवून जाऊ लागले, काही तर सरळ कचराच. पक्षी आले. जाळी लावली. जाळीत नियमकाकांचा वाळत घातलेला पायजमा अडकला आणि फाटला, त्याची भरपाई कोणत्या रकान्यात मागायची हा प्रश्न मात्र त्यांना पडला नाही. मी रोज कामावर जायच्या आधी आणि आल्यावर वर पळायची. लेक झोपली की पुन्हा. पानांखाली बघायची, मातीत बोट खुपसायची. आईच्या गोळीबद्दल मी एकदाही विचारलं नाही. बेरीबद्दल रोज विचारलं.

मग बाईंच्या निजायच्या खोलीचं छत ओलं झालं. कुंड्यांतलं पाणी झिरपून त्यांच्या बरोबर उशीवर थेंब पडत होते. त्यांनी मला वर नेऊन तो डाग दाखवला आणि फळा पुसून प्रश्न विचारावा तशा म्हणाल्या, “मिनिटाला इतके थेंब, तर तासाला किती?” मी, दोन पदव्या असलेली, एका मुलीची आई, तिथे मान खाली घालून उभी राहिले. पाळीव प्राणी गच्चीवरून हटवण्याचा आदेश निघाला.

कुंड्या खाली कुठे ठेवायच्या या विवंचनेत मी ऑफिसात बसले होते. समोर कुणाच्या तरी तडकलेल्या पाळण्याचा दावा होता. ‘नैसर्गिक’ एवढं लिहून झालं होतं. तेवढ्यात फोन आला. दुजोराकाकू. पहिल्यांदाच कोणाला दुजोरा न देता बोलत होत्या.

“लवकर ये. आई उठत नाहीयेत.”

आई जमिनीवर, भिंतीला टेकून होती. चेहरा कागदासारखा. लेक तिच्या मांडीशी बसून रडत होती, तिला काही झालं नव्हतं. आईने तिला पडू दिलं नव्हतं. उचललं, पाठीत काहीतरी कट्कन झालं, आणि त्या अवस्थेत तिने तिला अलगद खाली ठेवलं, मग स्वतः बसली. एवढं मला काकूंनी सांगितलं. आई फक्त म्हणत होती, “तिला खायला द्यायचं राहिलंय.”

डॉक्टरांचं टोपण आम्ही शिरायच्या आधीच निघालेलं होतं. मणका दबला होता.

“गोळी चालू होती ना?”

आईने माझ्याकडे पाहिलं. “गोळीने पोटात ढवळायचं. सुरुवातीला घेतल्या. मग म्हटलं, बेरी चालू आहे, तर गोळी कशाला?”

“बेरी हे काही औषध नाही, आजी,” डॉक्टर म्हणाले. “कोणती खात होता?”

“घरचीच,” आई म्हणाली. “विकतच्याला चव नसते.”

“घरी लावलीत?” डॉक्टरांना कौतुक वाटलं.

“लावली नाही, कढवली. साय जमवायची, लोणी काढायचं, मंद आचेवर कढवायचं. तूप गाळलं की तळाला राहते ती. थोडी साखर घालून. पण वाटीभर बेरी निघायला तूप किती निघतं माहितीये? मग इमारतीत वाटलं सगळ्यांना.”

डॉक्टरांनी टोपण घातलं. त्यांनाही लहानपणी ती बेरी मिळाली असणार, कारण त्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं आणि मग त्यांनी ते नीट घडी घालून ठेवून दिलं.

“मी फळं म्हणत होतो,” ते हळूच म्हणाले. “निळी, लाल असतात ती. छोटी.”

आईने डोळे बारीक केले. “ती?” मग मला म्हणाली, “म्हणजे तू अस्वलाच्या डब्यातून आणायचीस ती? ती मी पोरीसाठी ठेवलीयेत गं. तुझ्या पोरीचा खाऊ म्हणून हातसुद्धा नाही लावला. ती तर थुंकून टाकते.”

संध्याकाळी मी तिचा फ्रीझर उघडला. आत जांभळ्या दगडांनी भरलेल्या पिशव्या एकीवर एक नीट रचलेल्या होत्या, प्रत्येकीला गाठ मारलेली. सगळी माझी बेरी. गोळ्यांची पाकिटं त्यांच्याच बाजूला, थंडाव्यात टिकावीत म्हणून.

आईला घरी आणल्यावर लोक भेटायला आले. नियमकाका आले ते धुऊन-पुसून लख्ख केलेली बरणी घेऊन. “लवकर बऱ्या व्हा,” म्हणाले, आणि बरणी हातातच ठेवून उभे राहिले. “तुमच्या तुपाला तोड नाही. पहिली बरणी आली आणि मी म्हटलं, अशा माणसाच्या मुलीला गच्ची नाकारायची कशी?”

म्हणजे निवेदन त्यांनी वाचलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाले, “फार लांब होतं.” बाईही आल्या, त्यांच्याही हातात बरणी. छताचा विषय त्यांनी काढला नाही, कारण आईने त्यांना दोन दिल्या होत्या. माझा अपमान पूर्ण झाला होता, पण तो करून घ्यायला मला फुरसत नव्हती.

डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं होतं. दबलेला मणका पुन्हा उंच होत नाही. दुखणं कमी होईल, चालतील, गोळीच्या जागी इंजेक्शन देऊ. पण नातीला उचलणं आता विसरा. मी आईला हे कसं सांगू याची तयारी करत होते. तिला आधीच कळलेलं होतं. तिने फक्त विचारलं, “मी बुटकी झाले का गं?”

“नाही,” मी म्हटलं.

“खोटारडी. खिडकीची कडी हाताला येत नाही.”

“मग तू उचललंसच का तिला?” माझा आवाज चढला. इतक्या दिवसांचं सगळं त्यात होतं, जाळी, पायजमा, थेंब. “सांगितलं होतं ना?”

“ती उच म्हणत होती,” आई म्हणाली. “रोज म्हणायची आणि मी रोज नुसती मान हलवायची. हल्ली तिने मागायचंच कमी केलं होतं. त्या दिवशी पुन्हा हात वर केले. आणि मला वाटलं, बेरी चालू आहे. आता हाडं भरली असतील.”



आता कुंड्या आईच्या खिडकीत आहेत. पाळीव प्राणी तळमजल्यावर चालतात. रोपवाल्याने आशा धरायची नाही म्हटलं होतं तरी एका फांदीला एक फळ धरलं, बटणाएवढं, अर्धं जांभळं. मी ते बशीत ठेवून तिला दिलं. तिने चावलं आणि डोळे मिटले. “आंबट आहे. साखर आण.” साखर लावून खाल्लं. मग म्हणाली, “डॉक्टरला सांग, चालू आहे.”

सकाळी तिला उठवून बसवायचं काम माझं. एक हात खांद्यांमागे, एक गुडघ्यांखाली, असं परिचारिकेने शिकवलंय. पहिल्या दिवशी मी जोर लावायला श्वास भरून घेतला आणि तो तसाच राहिला, कारण जोर लागलाच नाही. इतकी हलकी आहे ती. मी लहान असताना हीच बाई मला एका कडेवर आणि दळणाचा डबा दुसऱ्या कडेवर घेऊन चालायची.

आज सकाळी तिला पाठीचा पट्टा बांधून बसवलं, तेव्हा लेक पलंगापाशी आली. दोन्ही हात वर, मान मागे.

“उच.”

आई तिच्याकडे बघत राहिली. मी लेकीला घ्यायला वाकले, तेवढ्यात आईने आपलेच दोन्ही हात वर केले, जमतील तेवढे, आणि तिच्यासारखीच मान मागे टाकून म्हणाली, “उच.”

लेक गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. मग तिने आपले हात खाली घेतले, आजीचं एक बोट दोन्ही मुठींत धरलं, पाय रोवले आणि ओढायला लागली. चेहरा लालबुंद, गाल फुगलेले. “आजी, उच!”

“अगं, हसवू नका गं मला,” आई म्हणाली, “पाठीत कळ येते.” आणि हसत, कळवळत, डोळे पुसत राहिली.

मला कामावर उशीर होत होता. मी लेकीला ओढलं, पण ती बोट सोडेना. वजन उचलायचं नाही, असं तिला कुठल्याच डॉक्टरने सांगितलेलं नाही.